लगाशचे कोठार

१९६४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या वेस्टचेस्टर परगण्यात सहाव्या इयत्तेतील काही मुलांना सुमेरचे राज्य चालवावयास मिळाले. मूल एका टंकलेखनयंत्रासारख्या टर्मिनलपुढे बसे. ते टर्मिनल आयबीएम कंपनीच्या ७०९० या महाकाय संगणकाला जोडलेले होते. पडदा नव्हता, चित्र नव्हते, रंग नव्हते. यंत्र कागदावर मजकूर छापीत असे, मूल तो वाचीत असे आणि उत्तरादाखल एखादा आकडा टंकित करीत असे. हे वर्ष इसवी सनापूर्वीचे ३५०० वे आहे, तू सुमेरमधील लगाश या नगरीच्या गादीवर नुकताच बसला आहेस, तुझा कारभारी उरबाबा वर्षातून दोनदा तुझ्यापुढे येऊन राज्याचा हिशेब मांडील, अशा आशयाची प्रस्तावना आरंभी येई. मग हिशेब येई. माणसे इतकी, जमीन इतकी, पीक इतके, कोठारात शिल्लक इतकी. त्यातले खायला किती द्यायचे, पेरायला किती ठेवायचे आणि कोठारात किती टाकायचे? खायला कमी दिले तर माणसे मरत. पेरायला कमी ठेवले तर पुढच्या हंगामात मरत. कोठार भरून ठेवावे तर मध्येच पूर किंवा आग येई.

'द सुमेरियन गेम' या नावाने ओळखला जाणारा हा खेळ संगणकावरील व्यूहखेळांच्या इतिहासात अगदी आरंभी उभा आहे, आणि कथानक असलेला तो पहिला ज्ञात संगणकीय खेळ मानला जातो. त्याची लेखिका मेबल अॅडिस ही कॅटोना या गावातील शाळाशिक्षिका होती. तिने बर्नार्ड कॉलेजात प्राचीन इतिहासाचा अभ्यास केला होता आणि कॅटोना गावाचा एक इतिहासही सहलेखिका म्हणून लिहिला होता. खेळाची मूळ कल्पना मात्र आयबीएममधील ब्रूस मॉन्क्रीफ यांची. परगण्याचे शिक्षणमंडळ आणि आयबीएम यांच्या १९६२ मधील एकत्र विचारविनिमयातून ती पुढे आली. मॉन्क्रीफ यांच्या मनात 'मोनॉपली' हा व्यापाराचा खेळ होता, आणि त्याबरोबर एक तक्रारही होती. शालेय इतिहास ग्रीसपासून सुरू होतो आणि त्यामागची दोन-तीन सहस्रके कोणी शिकवीत नाही, ही ती तक्रार. सॅम्युएल नोआ क्रेमर यांचे 'हिस्टरी बिगिन्स अॅट सुमेर' हे पुस्तक १९५९ साली त्या नावाने प्रसिद्ध झाले होते आणि सुमेरविषयीचे कुतूहल विद्वानांच्या वर्तुळाबाहेर पडले होते. तरीही शाळेच्या बाकापर्यंत ते पोचले नव्हते. प्राचीन जगावरील खेळाचा उगम असा एका शैक्षणिक गाऱ्हाण्यातून झाला आहे, ही गोष्ट पुढच्या काळातील तोफा-तलवारींच्या गदारोळात विसरली गेली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या खेळाकडे पाहावे याचे कारण साधे आहे. तो मुळात वाचनाचा खेळ होता. अॅडिस यांनी त्याचे तीन भाग केले आणि लुदुगा पहिला, लुदुगा दुसरा व लुदुगा तिसरा अशा तीन राजांच्या कारकिर्दी त्यांना वाटून दिल्या. पहिल्या भागात केवळ धान्य, दुसऱ्यात शिलकी धान्यातून उभी राहणारी कारागिरी, तिसऱ्यात व्यापार आणि शेजारच्या नगरराज्यांशी संबंध. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत कथनाचा भाग वाढविला गेला, आणि दरबारातील चर्चा ध्वनिफितीवरून व चित्रपारदर्शिकांच्या साहाय्याने मुलांपुढे ठेवण्यात आली. आधी कथन, मग आकड्यांचा प्रश्न, मग त्या आकड्याचे फळ पुन्हा कथनात, असे हे चक्र आहे. संपूर्ण निवेदन द्वितीय पुरुषी आहे. कादंबरीला द्वितीय पुरुष फार काळ पेलत नाही, कारण 'तू असे केलेस' हे विधान वाचकाला थोड्या वेळाने खोटे वाटू लागते. येथे ते खोटे ठरत नाही. आकडा खरोखर त्या मुलानेच टंकित केलेला असतो.

अॅरिस्टॉटलने काव्य आणि इतिहास यांत केलेला भेद येथे थोडा अडचणीत येतो. इतिहास घडलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल असे सांगते, हे त्याचे म्हणणे. लुदुगाची कारकीर्द घडलेली नाही, म्हणून ती इतिहास नव्हे. पण सिंचनावर जगणाऱ्या नगरीत बी आणि भाकरी यांच्यामध्ये राजाला कसे निवडावे लागत असेल, हे त्या मुलाला कळते, आणि ते घडलेल्याच्या जवळ जाणारे आहे. राजांच्या वंशावळी पाठ करून ते कळत नाही. मात्र हे कळणे राजाच्या बाजूने आहे, हे नोंदविले पाहिजे. मरणाऱ्याच्या बाजूने या खेळात कोणीही बोलत नाही.

खऱ्या लगाशकडे वळले की या खेळाचे रूप अधिक स्पष्ट होते. दक्षिण इराकमधील टेलो येथे, म्हणजे लगाश राज्याच्या गिर्सू या नगरात, एर्नेस्त द सार्झेक या फ्रेंच अधिकाऱ्याने १८७७ साली उत्खनन सुरू केले. तेथून निघालेल्या मातीच्या फलकांची संख्या हजारांनी मोजावी लागते, आणि त्यांतील बहुतेक हिशेबाचे आहेत. लिपीचा जन्म कवितेसाठी झाला नाही, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला थोडेसे खट्टू होऊन मान्य करावे लागते. धान्य, गुरे, माणसांचे रोजमुरे यांच्या नोंदीसाठी सुमेरमध्ये मातीवर खुणा उमटल्या आणि स्तोत्रे व आख्याने शतकांनंतर आली. धान्य आणि लेखन या दोहोंची अधिष्ठात्री म्हणून सुमेरी लोक निसाबा या एकाच देवीला मानीत, हे त्यांच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. यंत्राने छापलेला हिशेबाचा कागद हातात घेऊन बसलेले ते अमेरिकन मूल, म्हणूनच, लेखिकेला अभिप्रेत होते त्याहूनही अधिक सुमेरी होते. खेळाचा काळ तेवढा चुकला आहे. इसवी सनापूर्वी ३५०० मध्ये उरबाबाला वाचून दाखविण्यासारखा लेखी हिशेब अस्तित्वात असणे कठीण, कारण लिपीची पहिली रूपे त्यानंतरची. शिवाय उरबाबा हे नावही एका राजाचे आहे. गुदेआ या लगाशच्या विख्यात शासकाचा तो सासरा, काळ इसवी सनापूर्वीचे बाविसावे शतक. तेराशे वर्षांनी नंतरचा राजा खेळात कारभारी होऊन मागे गेला. शाळाशिक्षिकेने पुस्तकातून चांगलेसे वाटणारे एक नाव उचलले असावे. ऐतिहासिक कादंबरीकारांनी याहून मोठ्या सवलती घेतल्या आहेत.

अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट निराळी आहे. टेलो येथील फलकांमध्ये बाऊ या देवीच्या संस्थानाचे दफ्तर दीड हजारांहून अधिक फलकांचे आहे. ते इसवी सनापूर्वी चोविसाव्या शतकाच्या आसपासचे असून त्या संस्थानाचा कारभार राणीच्या नावाने चाले. लुगलांदा राजाची राणी बारानमतारा आणि त्यानंतर उरुकागिना राजाची राणी शाशा यांची नावे त्या हिशेबांवर आहेत. लगाशच्या ज्या कोठाराविषयी आज सर्वांत तपशीलवार माहिती आहे ते कोठार एका स्त्रीच्या अखत्यारीतले होते. खेळ लिहिणारी स्त्री, खऱ्या दफ्तराची धनीण स्त्री, आणि खेळात मात्र तीन पुरुष राजे आणि एक पुरुष कारभारी! हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाही.

त्या दफ्तरात जव वाटपाच्या याद्या आहेत. लोकर विणणाऱ्या स्त्रियांच्या याद्या पाहाव्यात. त्यांत प्रत्येकीचे नाव आहे, तिला मिळणारा जव आहे, आणि तिच्याबरोबरच्या मुलांची संख्या व त्यांचा वाटा आहे. या स्त्रिया स्वतंत्र नव्हत्या. त्यांच्याविषयी कोणाला कळवळा होता म्हणून त्यांची नावे लिहिली गेली असेही नाही. माप कोणाच्या पदरात पडले हे समजण्यासाठी नाव लागते, एवढाच त्यामागचा हेतू. तरी साडेचार हजार वर्षांनंतर ती नावे वाचता येतात. खेळातील लगाशमध्ये माणसांची केवळ संख्या आहे. शंभरातली वीस मेली तर ऐंशी उरतात. कोरड्या, परतंत्र माणसांच्या हिशेबाने जे जपले ते शिक्षणासाठी, सद्भावनेने रचलेल्या हिशेबाने जपले नाही. याचा दोष अॅडिस यांना देणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या यंत्राची स्मृतीच तोकडी होती. पण पुढे यंत्रांची स्मृती लक्षावधी पटींनी वाढली तेव्हाही नावे आली ती सेनापतींची, विणणाऱ्या स्त्रियांची नव्हेत.

उरुकागिनाच्या लेखांत अधिकाऱ्यांच्या जुलमाची आणि वाढीव करांची तक्रार आहे, आणि विधवा व अनाथ यांना बलवंतांच्या हाती जाऊ देणार नाही अशी ग्वाही आहे. राजाच्या तोंडची ग्वाही किती खरी मानावी हा प्रश्न वेगळा. इतक्या जुन्या काळी ती द्यावीशी वाटली हे महत्त्वाचे. उरुकागिनाचे राज्य फार काळ टिकले नाही. उम्मा या शेजारच्या नगरीच्या लुगलझागेसीने लगाशवर घाला घातला, आणि त्या विध्वंसाची नोंद करणारा एक फलक उपलब्ध आहे. कोणते देवालय जाळले, कोठून चांदी नेली, कोणत्या शेतातील जव उपटला याची ती यादी आहे, आणि शेवटी हे पाप उरुकागिनाचे नसून लुगलझागेसीच्या देवीच्या माथी असो असा शाप आहे. ती देवी निसाबाच. हिशेबाच्या साच्यातच शोक ओतलेला असा हा मजकूर आहे. जगाच्या वाङ्मयात हिशेब आणि विलाप यांची इतकी जवळीक अन्यत्र क्वचितच दिसेल.

'द सुमेरियन गेम' टिकला नाही. त्याची मूळ आज्ञावली हरवली, आणि प्रकल्पाच्या अहवालातील छापील उताऱ्यांवरून त्याचे स्वरूप ताडावे लागते. जुन्या पोथ्यांच्या संपादकांना ही अवस्था अपरिचित नाही. मूळ ग्रंथ नष्ट व्हावा आणि त्याचा संक्षेप मात्र गावोगाव पसरावा, हेही त्यांना परिचित आहे. येथे नेमके तसेच घडले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील डग डायमेंट यांनी या खेळाविषयी ऐकले आणि १९६८ मध्ये फोकल या संगणकभाषेत त्याचा छोटा अवतार रचला. डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत आणून १९७३ च्या आपल्या संग्रहात छापला. त्या संग्रहाची १९७८ ची आवृत्ती दहा लाखांहून अधिक खपली. घरगुती संगणक घेणाऱ्या पहिल्या पिढीने त्या पुस्तकातील ओळी एकेक करून स्वतः टंकित केल्या, आणि अशा रीतीने खेळाची नक्कल करता करता आज्ञावली लिहिण्याची विद्या अनेकांनी आत्मसात केली. लेखनिकांच्या शाळेत सुमेरी मुले फलकांच्या नकला करून लिहिणे शिकत, त्याची आठवण येथे होते.

हा संक्षेप 'हमुराबी' या नावाने प्रसिद्ध झाला. हम्मुराबीतील एक 'म' गळाला, आणि सुमेरच्या गादीवर बॅबिलोनचा राजा बसला. तो सुमेरी नव्हता आणि लगाशच्या उत्कर्षानंतर काही शतकांनी झाला. आरंभी शंभर माणसे, हजार एकर जमीन, अठ्ठावीसशे बुशेल धान्य, आणि दहा वर्षांची मुदत. माणसाला वर्षाला वीस बुशेल लागतात. एक माणूस दहा एकर कसतो. उंदीर धान्य खातात. अधूनमधून साथ येते आणि निम्मी वस्ती घेऊन जाते. जमिनीचा भाव दरवर्षी बदलतो, म्हणून राजा जमिनीची खरेदी-विक्रीही करू शकतो. सुमेरपेक्षा ही गोष्ट विसाव्या शतकातील अमेरिकेला अधिक जवळची. एका वर्षात शेकडा पंचेचाळीसांहून अधिक माणसे उपाशी मेली तर राजाला पदच्युत केले जाते. दहा वर्षे निभावली तर शेवटी निकाल मिळतो. वाईट कारभाराची तुलना नीरो व चौथा इव्हान यांच्याशी, उत्तम कारभाराची शार्लमेन, डिझरायली व जेफरसन यांच्याशी. इसवी सनापूर्वीच्या मेसोपोटेमियातील राजाचे मोजमाप जेफरसनच्या गजाने घेतले जाते, यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही. अॅडिस यांचे कथन मात्र या संक्षेपात पार आटले. उरला तो गणिताचा सांगाडा. विचित्र असे की तो सांगाडाच चिवट ठरला.

कोठाराचा हा पेच भारतीय परंपरेला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाला एक स्वतंत्र अध्याय आहे. जमा झालेल्यातील अर्धे जनपदाच्या आपत्तीसाठी राखून ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. दुर्भिक्षात राजाने बी आणि अन्न पुरवून प्रजेवर अनुग्रह करावा, असेही दुसऱ्या एका प्रकरणात येते. बी आणि अन्न, हेच दोन आकडे लगाशच्या मुलापुढे होते. रा. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती, तिचा अनुवाद आणि अभ्यास मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केला, म्हणजे अॅडिस आपला खेळ रचीत होत्या त्याच वर्षांत. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

मराठी वाचकाला मात्र कौटिल्याच्याही आधी दामाजीपंत आठवतील. मंगळवेढ्याचे हे कारभारी बेदरच्या बादशहाचे चाकर. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची पेवे भुकेल्या लोकांसाठी खुली केली, आणि त्याबद्दल बादशहाचे बोलावणे आले. महिपतीने १७६२ च्या 'भक्तविजया'त ही कथा सांगितली आहे. तीत विठ्ठल विठू महाराच्या रूपात बेदरला जाऊन धान्याची किंमत भरून पावती घेतो. कथेतील इतिहास किती आणि श्रद्धा किती याचा वाद येथे करावयाचा नाही. तिची रचना पाहावी. कोठार राजाचे, किल्ली कारभाऱ्याकडे, भूक दारात. निर्णय कारभारी घेतो. हिशेब मात्र शेवटी जुळलाच पाहिजे, म्हणून देवालाही रोकड मोजून पावती घ्यावी लागते. लगाशच्या खेळात कारभारी उरबाबा केवळ आकडे वाचतो. त्याने स्वतःच्या जबाबदारीवर कोठार उघडण्याची सोय तेथे नाही.

व्यूहखेळाची दुसरी धारा कोठाराऐवजी रणांगणातून आली. तिचा उगम भारतात. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त अष्टापद आणि चतुरंग यांचा श्लेषयुक्त उल्लेख आहे, आणि कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, ज्याचे नाव मराठीच्या आद्य खुणा शोधणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे, राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाला स्थान आहे. गज, अश्व, रथ आणि पदाती हे सैन्याचे चार अवयव पटावर आले तेव्हा त्यांची भूक पटाबाहेर राहिली. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये राइसवित्स यांचा युद्धखेळ स्वीकारला. त्यात पटाची जागा नकाशाने घेतली. विसाव्या शतकात अमेरिकेतील अॅव्हलॉन हिल या कंपनीने असे युद्धखेळ घरोघर नेले. त्याच कंपनीत काम केलेले ब्रूस शेली पुढे सिड मायर यांचे सहकारी झाले. दोघांनी १९९१ मध्ये 'सिव्हिलायझेशन' सिद्ध केला आणि दोन्ही धारा एकत्र आल्या. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एका वसाहतीपासून आरंभ करून अंतराळयानापर्यंत पोचण्याचा हा खेळ. त्यातही कोठार आहे. ते बांधल्यास नगर वाढताना अर्धे धान्य शिल्लक राहते. अर्धे, कौटिल्याने सांगितले होते तेवढेच. हा अर्थातच योगायोग.

त्या खेळात भारताचे नेतृत्व महात्मा गांधींकडे आहे, आणि तेही इसवी सनापूर्वी ४००० पासून. तेथील गांधी अण्वस्त्रांचा मारा करतात अशी एक दंतकथा खेळाडूंमध्ये पसरली आणि आज्ञावलीतील एका चुकीवर तिचे खापर फोडले गेले. मायर यांनी २०२० मधील आत्मकथनात अशी चूक नव्हतीच असे स्पष्ट केले. दंतकथा मात्र जिवंत आहे. पुढच्या आवृत्त्यांत अशोक आणि चंद्रगुप्त आले, ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

शेली यांचा पुढचा खेळ 'एज ऑफ एम्पायर्स' ऑक्टोबर १९९७ मध्ये टेक्सासमधील एन्सेम्बल स्टुडिओजने रचला आणि मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला. मुंबई-पुण्यापासून दिल्ली-बंगळूरपर्यंतच्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या भाड्याने संगणक घेऊन भारतातील एका पिढीने जे प्राचीन जग पाहिले ते बहुधा हेच. येथे वळणे वाट पाहत नाहीत. काळ सलग वाहतो आणि खेळाडूला धावावे लागते. मोजके गावकरी, एक नगरकेंद्र, सभोवार काळोखात बुडालेला प्रदेश. गावकरी बोरे वेचतो, हरीण मारतो, झाड तोडतो, दगड आणि सोने खणतो. अश्मयुगातून हत्यारयुगात, तेथून कांस्ययुगात आणि लोहयुगात जायचे. पुरोहित मंत्र म्हणून शत्रूचा सैनिक आपल्या पक्षात ओढतो. एखादे महान वास्तुशिल्प उभारून ते ठरलेल्या काळापर्यंत अभंग राखले तरी विजय मिळतो. संदर्भासाठी वाचनालयातील बालविभागाचा उपयोग झाल्याचे शेली यांनी सांगितले आहे, आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही. मुलांच्या पुस्तकांतील प्राचीन जग हेच बहुतेक प्रौढांच्याही मनातील प्राचीन जग असते.

या खेळातही धान्यकोठार आहे. परंतु त्यात काही साठत नाही. गावकरी तेथे बोरे आणि पीक आणून टाकतो आणि अन्नाचा आकडा वाढतो. तो आकडा नवा गावकरी किंवा नवा सैनिक निर्माण करण्यासाठी खर्च होतो. एकदा जन्मलेले माणूस पुन्हा कधीही जेवत नाही. दुष्काळ नाही, पूर नाही, उंदीर नाहीत. १९६४ च्या लगाशमध्ये उपासमार हाच खेळाचा गाभा होता. तेहतीस वर्षांनंतरच्या सुमेरमध्ये माणूस फक्त तलवारीने मरतो. पडदा सुंदर झाला, नद्या चकाकू लागल्या, हत्ती चालू लागले, आणि प्राचीन जगाचे जे एक मूलभूत भय होते तेवढेच निघून गेले. वेगाचा खेळ भुकेचे ओझे वाहू शकत नाही, असे रचनाकार म्हणतील, आणि खेळ म्हणून त्यांचे म्हणणे बरोबर आहे. इतिहासाचे चित्र म्हणून ते फार मोठी वजाबाकी आहे.

चित्रांतील चुकांवर खेळाडूंनी स्वतःच टीका केली आहे. 'रोम: टोटल वॉर' हा २००४ चा खेळ इसवी सनापूर्वी २७० मध्ये सुरू होतो. त्या वेळी इजिप्तवर टॉलेमी या ग्रीक वंशाचे राज्य होते, तरी खेळातील इजिप्तचे सैन्य हजार वर्षांपूर्वीच्या फॅरोंच्या थाटात उतरते. त्यावर हौशी अभ्यासकांनी ग्रंथ धुंडाळून 'युरोपा बार्बारोरम' नावाचा सुधारित पाठ विनामूल्य सिद्ध केला, त्यात बाख्त्रिया आणि शक यांना जागा दिली आणि सैनिकांच्या तोंडी त्या त्या प्राचीन भाषा घातल्या. हे काम पाठचिकित्सेच्या जातीचे आहे. विद्यापीठांनी त्याची दखल घ्यायला बराच वेळ लावला.

'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये बारा संस्कृती होत्या. इजिप्शियन, ग्रीक, मिनोअन, फिनिशियन, बॅबिलोनियन, असीरियन, हिटाइट, सुमेरियन, पर्शियन, चीनचे शांग, कोरियाचे चोसॉन आणि जपानचे यामातो. १९९८ च्या पुरवणीत आणखी चार आल्या, रोमन, कार्थेजिनियन, मॅसिडोनियन आणि पाल्मिराच्या. भारत कोठेच नाही. मध्ययुगावरील दुसऱ्या खेळात भारतीय २०१३ मध्ये आले आणि २०२२ मध्ये बंगाली, द्राविड, गुर्जर, हिंदुस्तानी असे वेगवेगळे झाले. अठराव्या शतकावरील एका निराळ्या खेळात २००९ साली मराठ्यांचीही वर्णी लागली. प्राचीन जगात मात्र हडप्पा रिकामी राहिली. त्यामागे अज्ञान असेल किंवा बाजाराचा हिशेब. तरीही हडप्पेला या खेळात बसवायचे म्हटले असते तर कसे बसविले असते, हा प्रश्न राहतोच. लिपी वाचता आलेली नाही. एकाही राजाचे नाव ठाऊक नाही. सुमेरमध्ये विजयस्तंभ आहेत, बंदिवानांच्या रांगा कोरलेल्या आहेत, गिधाडे प्रेते नेत असलेला लगाशचा शिलापट्ट लूव्रमध्ये उभा आहे. सिंधूच्या नगरांत आहेत विटांची मापे, वजने, मुद्रा, गटारे आणि विहिरी. सैन्य उभे करून शेजाऱ्याला चिरडणे हीच ज्या खेळाची गती, त्याला अशा संस्कृतीला द्यायला काही काम नसते.

लगाशला तिची ओळख होती. अक्कडच्या सारगॉन राजाच्या लेखात मेलुहाची गलबते त्याच्या धक्क्याला लागल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. मेलुहा म्हणजे सिंधूचे खोरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शू-इलिशू नावाच्या इसमाची मुद्रा लूव्रमध्ये आहे, आणि तो मेलुहाच्या भाषेचा दुभाषी होता असे त्या मुद्रेवर लिहिले आहे. ज्या भाषेचे एक वाक्यही आज कोणाला वाचता येत नाही तिचे भाषांतर हा मनुष्य पोटापाण्यासाठी करीत असे. गुदेआने निंगिर्सूचे देवालय बांधले तेव्हा मेलुहाहून लाकूड, सोने आणि कार्नेलियन आल्याचे त्याचे लेख सांगतात. त्यानंतरच्या, उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातील फलकांत लगाशच्या प्रदेशातील एका खेड्याचे नावच 'मेलुहाचे खेडे' असे आढळते. त्या खेड्यातील कित्येकांची नावे तोपर्यंत सुमेरी झालेली होती. त्या खेड्याचे स्वतःचे कोठार होते, आणि तेथून जमा झालेल्या जवाचे माप लगाशच्या कारकुनांनी ओल्या मातीवर लिहून ठेवले आहे.